स्क्रेपरच्या पुढच्या निम्म्या भागाची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा मातीकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. ती थोडी कमी असती तर घरातल्या सगळ्यांना बरे झाले असते, असे माझी पत्नी म्हणते. गुडघे गेले आहेत, डावा कान इंजिनांनी खाल्ला आहे, पण मृत्युपत्राला जेवढे डोके लागते तेवढे ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती एकूण चार आहेत. पहिली तीन धाकट्या भावावर चिडून केली होती. चौथे परवा केले. ते कसे केले हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिणार आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचे आवार, पत्नीला. तिने त्याचे काय करावे हे मी सांगणार नाही, कारण जिवंतपणी सांगितलेलेही तिने कधी ऐकले नाही. मागच्या खोलीतून रस्त्यापलीकडचे धाकट्याचे आवार दिसते म्हणून मी तिथे जाड पडदा लावला होता. तो तिने धुवायला काढला, त्याला सहा वर्षे झाली. अजून वाळलेला नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक पत्नी आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. इथे भांडायला जागा नाही.

कलम ३. हत्यारे. ग्रीस गन शेजारच्या वेल्डरला. गेली कित्येक वर्षे तो तिच्याकडे आशेने बघतो. पान्यांचा सगळा संच मुलीला. ती वर्कशॉपमध्ये फिटर आहे आणि माझ्यापेक्षा नीट ठेवेल. संचातला सगळ्यात मोठा पाना धाकट्याकडे आहे. तो परत मागू नये. मागितला तर लगेच पुसून, तेल लावून आणून देईल आणि वर हसेल. ते हसणे मला मेल्यावरही नको.

कलम ४. स्क्रेपर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. जमीन खरवडायची, माती पोटात भरायची, वाहून न्यायची आणि दुसरीकडे पसरायची, ही चारही कामे स्क्रेपर चालता चालता करतो. आमचा स्क्रेपर फार मोठा आहे. टायर माझ्यापेक्षा उंच. पुढच्या भागात एक इंजिन, दोन टायर आणि चालकाची सीट. मागच्या भागात मातीचे लोखंडी पोट, त्याखाली पाती, आणखी दोन टायर आणि दुसरे इंजिन. दोन्हींच्या मधे वाकलेली मान आणि मानेत मांडीएवढी जाड पिन. एका कालव्याचे काम संपले तेव्हा लिलावात आम्ही दोघा भावांनी तो भागीत घेतला. तेव्हाच तो जुना होता. आता लोक कॅमेरे घेऊन बघायला येतात.

हे यंत्र चालवणे म्हणजे पाती किती सोडायची आणि कधी उचलायची, एवढेच. जरा जास्त खाली गेली की इंजिन गुदमरते, घाईने उचलली की सगळे धूड उसळते आणि मागे जमिनीवर लाटा उमटतात. माझ्या कामात लाटा यायच्या. फार नाही, थोड्या. धाकट्याच्या कामात यायच्या नाहीत.

एकदा आम्ही विमानाची धावपट्टी केली. डावा पट्टा त्याने, उजवा मी. शेवटच्या दिवशी सर्व्हेअरने लेव्हल लावून दोन्ही तपासले आणि सगळ्यांसमोर विचारले, "डावीकडं कोण होतं?"

मी म्हणालो, "का?"

"तिथं सपाटीला परत ग्रेडर फिरवायची गरज नाही म्हणून विचारतो. उजवीकडं मात्र सगळं घासून घ्या."

धाकटा लगेच मधे पडला. "उजवीकडची माती भुसभुशीत होती, साहेब. तिथं कोणालाही जमलं नसतं."

माती दोन्हीकडे एकच होती. त्याने तोंड बंद ठेवले असते तर मी त्याला कदाचित माफ केले असते. त्याने मला सांभाळून घेतले, आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागले ते कोणत्याही डॉक्टरला सापडलेले नाही.

कलम ५. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रातला एक फोटो चौकटीत लावलेला आहे. धावपट्टीवर धुळीतून येणारा स्क्रेपर, सीटवर हेल्मेट घातलेला माणूस आणि खाली माझे नाव. बातमीदाराने विचारले तेव्हा मी समोर होतो, म्हणून त्याने माझे नाव लिहून घेतले. फोटोतला माणूस मी नाही. बत्तीस वर्षे पाहुण्यांनी त्या फोटोचे कौतुक केले आणि मी मान खाली घालून, विनय वाटावा अशा बेताने, ते स्वीकारले. धाकटाही त्या फोटोखाली बसून अनेकदा चहा प्यायला. एकदाही बोलला नाही. फोटो त्याला द्यावा. चौकट माझ्या खर्चाने बदलून द्यावी.

कलम ६. वाटणीबद्दल. अकरा वर्षांपूर्वी एका शाळेचे मैदान सपाट करायचे काम आले. हेडमास्तरीणबाई मला म्हणाल्या, "तुम्ही नका त्रास घेऊ, धाकट्यांनाच पाठवा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन मी वाटणी मागितली. मामा मध्यस्थीला बसले. ते म्हणाले, यंत्र विकून टाका, निम्मे निम्मे घ्या. मी म्हणालो, विकायचे नाही, पिन काढायची. पुढचा भाग माझा, मागचा त्याचा. मामांनी कपाळाला हात लावला. धाकट्याने एवढेच म्हटले, "दादा, पुढचा भाग दोन चाकांवर उभा राहणार नाही. नाकावर पडेल."

मी म्हणालो, "माझा भाग आहे, मी बघीन."

पिन निघाली आणि पुढचा भाग खरेच वाकायला लागला. पण तो पडला नाही. धाकट्याने सकाळीच जॅक आणि रेल्वेरुळांखालचे लाकडी स्लीपर आणून त्याच्या नाकाखाली रचून ठेवले होते. त्याचे म्हणणे खरे ठरले याचे मला दुःख नव्हते. ते खरे ठरणार हे धरून तो तयारीत आला होता, हे मला सहन झाले नाही.

तेव्हापासून पुढचा भाग माझ्या आवारात त्याच स्लीपरांवर उभा आहे. रोज सकाळी मी सीटवर बसतो, इंजिन सुरू करतो, दहा मिनिटांनी बंद करतो आणि उतरतो. रस्त्यापलीकडे तो मागच्या भागाला ग्रीस लावतो, पाती पुसतो. सीट माझ्याकडे आहे म्हणजे चालक मी, असे मी स्वतःला अकरा वर्षे सांगत आलो.

कलम ७. मुलीबद्दल. ती कामावरून सुटली की आधी काकाकडे जाते, मग घरी येते. दुसऱ्यांची छोटी यंत्रे चालवायला त्यानेच तिला शिकवले. मला कोणी येऊन सांगितले, "काय हात आहे हो पोरीचा, अगदी काकावर गेलाय," तर त्या माणसाशी मी आठवडाभर बोलत नाही. पत्नी म्हणते, "भावजी आले की घरात हसू येतं, तुम्ही आलात की पेपर उघडतो." एकाच माणसाने माझे किती घ्यावे, याला काही मर्यादा असावी.

मागच्या महिन्यात मी ठरवले की पुढचा भाग भंगारवाल्याला द्यायचा. मुलीला तसे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, सरळ सांगा ना, काका त्यावर बसलेले तुम्हाला बघवत नाहीत."

"नाही बघवत."

"मेल्यावर कुठं बघणार आहात?"

हे अगदी बरोबर होते. म्हणून मी ओरडलो.

कलम ८. आता परवाचे. वकीलबाईंनी बोलता बोलता सांगितले की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याच्या नावे काही लिहिले असेल तर ते वाया जाते. हे ऐकून मला जो आनंद झाला तसा लग्नातही झाला नव्हता. घरी येऊन, वकीलबाईंना न दाखवता, मी चौथे मृत्युपत्र लिहिले: पुढचा भाग माझ्या प्रिय धाकट्या भावाला. आणि साक्षीला धाकट्यालाच बोलावले. लोक म्हणणार, काय मोठ्या मनाचा भाऊ! आणि त्याला एक बोल्टही मिळणार नाही.

तो आला. वेल्डर आधीच सही करून बसला होता. धाकट्याने कागद वाचलासुद्धा नाही, पेन घेतले. मुलीने वाचला होता, आणि वकीलबाईंकडे ती माझ्यासोबत आली होती. ती ओरडली, "काका, थांबा! सही केलीत तर तुम्हाला काही मिळणार नाही!"

"माहितीये गं," तो म्हणाला. "माझ्या सासऱ्यांच्या वेळी वकिलांनी सांगितलं होतं." आणि सही केली. वर मला विचारले, "आणखी कुठं करायची का, दादा?"

पत्नीने त्याच्यासमोर चहा ठेवला. माझा ठेवायचा विसरली.

काल सकाळी मी रस्ता ओलांडून त्याच्या आवारात गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तो पातीखाली आडवा होऊन काम करत होता. मला बघून बाहेर आला.

"दादा, तू इकडं?"

मी म्हणालो, "पाती कधी उचलायची, हे तुला कसं कळतं?"

हा प्रश्न मी त्याला जन्मात विचारला नव्हता. विचारला असता तर त्याला येते आणि मला येत नाही हे कबूल झाले असते. त्याने फडक्याला हात पुसले, विचार केला, परत पुसले.

"सीटखालून काहीतरी समजतं. नाही, तसंही नाही. खरं सांगू? सांगता येत नाही. त्यावर बसलं की हात आपोआप उचलला जातो."

"मग पोरीला कसं शिकवणार?"

"यावर बसवल्याशिवाय नाही शिकवता येणार. छोट्या यंत्रांवर ते नसतंच. आणि आता माझंही..." त्याने उजवा हात पुढे केला. "बघ."

हात थरथरत होता. फार नाही, थोडा. ज्या हातावर मी सारा जन्म जळत आलो, तो माझ्या मरणापर्यंत टिकणार नव्हता. मी आरामात मरायची वाट बघत बसलो असतो, आणि खरे मृत्युपत्र करून पुढचा भाग त्याला दिला असता तरी तो मिळेपर्यंत चालवणारा उरला नसता. मी घरी आलो आणि चौथे मृत्युपत्र फाडले.

कलम ९. सबब, स्क्रेपरचा पुढचा भाग या मृत्युपत्रात येत नाही. तो आता माझा नाही. आज सकाळी बक्षीसपत्र करून मी तो धाकट्याला दिला. त्याच्या पश्चात स्क्रेपरमधले जे काही त्याचे असेल ते माझ्या मुलीचे, असे त्याने माझ्या आधीच लिहून ठेवलेले निघाले. यातही तो पुढेच.

हे कलम मी त्याच्या आवारामागच्या मोकळ्या जमिनीच्या कडेला खुर्ची टाकून लिहीत आहे. क्रेनने पुढचा भाग रस्त्यापलीकडे आणायला आणि पिन आत बसायला दुपार झाली. वेल्डरने मान धरली, मुलीने पिन ठोकली. मग धाकटा सीटवर चढला आणि मुलगी त्याच्या शेजारी पायरीवर, कठडा धरून, तिचा एक हात त्याच्या हातावर. दोन्ही इंजिने एकदम चालली. माझ्या गेलेल्या कानालाही ऐकू आले.

त्याने एक पट्टा काढला. मी वाकून, डोळे बारीक करून, शेवटपर्यंत तपासला. एकही लाट नाही. हात थरथरतो म्हणे! माझा इतका जळफळाट झाला की खुर्चीवर परत बसायला मुलीला उतरून येऊन आधार द्यावा लागला.

मग जागा बदलल्या. मुलगी सीटवर, काका पायरीवर. तिच्या पहिल्या पट्ट्यात लाटा आल्या. थोड्या, अगदी माझ्यासारख्या. मी उठून टाळ्या वाजवल्या. त्या का वाजवल्या हे कोणालाच कळले नाही, आणि मीही सांगितले नाही. दुसऱ्यात आल्या. तिसऱ्यात कमी. चौथ्याला ती म्हणाली, "काका, आता तुम्ही उतरा," आणि एकटीने गेली.

धाकटा येऊन माझ्याजवळ उभा राहिला. यंत्र पुढे गेले, धूळ बसली, आणि मागे सरळ, सपाट जमीन दिसू लागली. आम्ही दोघेही लाट शोधत होतो. सापडली नाही.

"मला इतक्या लवकर नव्हतं जमलं," धाकटा म्हणाला. "वर्ष गेलं होतं माझं. आणि ही बघ."

त्याने हे हसत म्हटले नाही. तो आवाज मी ओळखला. जन्मभर तो माझ्याच गळ्यातून निघत आला होता, त्याच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकला. मी सरकलो आणि त्याला माझ्या खुर्चीवर निम्मी जागा दिली.

वरील मजकूर मी लिहिला, वाचून पाहिला, आणि तो खरा आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

मृत्युपत्र करणार: (सही) मातीकामवाला, थोरला

साक्षीदार १: (सही) वेल्डर, शेजारी. कलम ३ मधली ग्रीस गन मला आजच रोख हातात मिळाली, ती मृत्युपत्रातून वगळावी.

साक्षीदार २: (सही) वकीलबाई. मजकुराची लांबी माझ्या सल्ल्याने नाही.

ठिकाण: धाकट्याच्या आवारामागची मोकळी जमीन, पाचव्या पट्ट्याच्या कडेला
दिनांक: १४ मार्च २०१९, सायंकाळ