टे नदीवरील अठ्ठावीस मिनिटांबाबत

मी, श्रीकांत दामोदर खांबेटे, वय बहात्तर, निवृत्त पूल-अभियंता, राहणार रीडिंग, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना आणि रक्तदाबाची गोळी वेळेवर घेऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझी पत्नी अनुराधा माझ्यामागे राहील, असे त्यांत गृहीत धरले होते.

१. राहते घर माझी एकुलती कन्या डॉ. कस्तुरी हिला मिळावे. ती बर्मिंगहॅमला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहे, तेव्हा तिने ते खुशाल विकावे. कॉन्झर्व्हेटरीतील, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीतील, कढीपत्त्याची कुंडी मात्र सोबत न्यावी. अनुराधाने ती बावीस हिवाळे जगवली. मी एकाच हिवाळ्यात निम्मी वाळवली.

२. बँकेतील ठेवीही कस्तुरीस मिळाव्यात.

३. मासेमारीचा पंधरा फुटी दुहाती रॉड आणि गळाला लावायच्या पिसांच्या नकली माश्यांची पेटी माझा मित्र अनुप गोरे यास द्यावी. माझे एक रीळ त्याच्याकडे आहेच. ते परत केले नाही म्हणून मी त्याच्याशी चार वर्षे बोललो नाही. ते त्याचेच समजावे. मी चुकलो.

अनुपसाठी सूचना: मोठा सॅमन लागल्याची जाणीव होताच रॉड उचलू नये. ‘वक्रतुंड महाकाय’ची पहिली ओळ मनात पूर्ण होईपर्यंत दोर सैल सोडावा. तेवढ्यात मासा वळतो आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. ही युक्ती मी अनुराधाला सांगितली तेव्हा ती म्हणाली होती, “अहो, गणपतीला कशाला मध्ये घालता? त्याचं वाहन उंदीर आहे, मासा नाही!”

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. गळाजवळचा पारदर्शक दोरा किमान वीस पौंडांचा ताण सोसणारा असावा. जाड दोऱ्याने मासा लवकर आवरतो आणि सोडल्यावर जगतो. बारीक दोऱ्यावर त्याला तासभर खेळवणे यात कौशल्य नाही, मिरवणे आहे. हे मी कशावरून म्हणतो, ते पाचव्या कलमात येईल.

४. लहान रॉड नात तनिषा हिला द्यावा. ती विचारायची, “आबा, माझा काठी कुठे आहे?” काठी स्त्रीलिंगी आहे हे मी दर वेळी सांगत राहिलो, मासा कसा धरावा ते सांगायचे राहिले.

५. २४ सप्टेंबर २०२४ रोजी स्कॉटलंडमध्ये टे नदीवर जे घडले, त्याविषयी मी मुलीला खोटे सांगितले. खरे पुढीलप्रमाणे आहे.

पाणी उथळ आणि नितळ होते. मासा बुजू नये, या सबबीखाली मी बारा पौंडांचा दोरा बांधला. आयुष्यभर पुलांच्या आराखड्यात दुप्पट सुरक्षितता धरणाऱ्या माणसाने त्या दिवशी ती धरली नाही, कारण बारीक दोऱ्यावर मोठा मासा आणला असे क्लबात सांगायचे होते. अकराच्या सुमारास मासा लागला. आमचा नावाडी मासेमारांच्या झोपडीत चहाला गेला होता. अनुराधा नेहमीप्रमाणे जाळे घेऊन काठाशी उभी होती. झुंजीची वेळ मोजण्याची मला सवय आहे. बाराव्या मिनिटाला ती म्हणाली,

“अहो, छातीत भरून आल्यासारखं होतंय. कापा तो दोरा.”

“दहा मिनिटं. दमत आलाय.”

“तो की मी?”

मी हसलो. ती काठावरच्या दगडावर बसली. मी तिच्याकडे पाठ करून मासा फिरवत राहिलो. चाळिसाव्या मिनिटाला मासा जवळ आला. मला एकट्याला तो घेता येईना, तेव्हा ती न बोलावता उठली, पाण्यात उतरली आणि तिनेच त्याच्याखाली जाळे धरले. मी त्याची लांबी मोजली: एक्केचाळीस इंच. नदीच्या त्या पट्ट्यावरच्या नियमाप्रमाणे मोठा मासा सोडूनच द्यायचा असतो, मी सोडला. मागे वळलो तेव्हा अनुराधा गुडघाभर पाण्यात खाली बसली होती. मोबाईलला सिग्नल नव्हता. तिथल्या फोनसाठी मी झोपडीपर्यंत धावलो.

इस्पितळातील डॉक्टर म्हणाले, “अर्धा तास आधी आणलं असतं तर,” आणि त्यांनी वाक्य पुरे केले नाही. मुलीला मी सांगितले की आई अचानक कोसळली.

६. त्याच सकाळी, नदीवर निघण्यापूर्वी, छातीत जळजळते म्हणून अनुराधाने कस्तुरीला फोन केला होता. कस्तुरी म्हणाली होती, “आई, ॲसिडिटी वाटतेय. पण दुखणं वाढलं तर लगेच ॲम्ब्युलन्ससाठी 999 ला फोन कर, थांबू नकोस.” तेराव्याच्या दिवशी ती स्वयंपाकघरात मला म्हणाली, “बाबा, मी डॉक्टर असून मला कळलं नाही.” मी तिच्यासमोर चहा पीत बसलो होतो. तो संपवून मी कप विसळला. आता ती आठवड्यातून दोनच दिवस पेशंट पाहते. स्वतःवर विश्वास उरला नाही म्हणते.

म्हणून जाहीर करतो की कस्तुरीचा सल्ला योग्य होता. दुखणे वाढल्यावर तिच्या आईने मदत मागितली होती. ती माझ्याकडे मागितली होती.

७. हा लेख माझ्या मृत्यूनंतर उघडावा, असे सातवे कलम मी आधी लिहिले होते. ते खोडले आहे. मेलेल्या बापावर धड ओरडताही येत नाही. कस्तुरी वारस असल्याने या देशाच्या कायद्यानुसार तिने साक्षीदार म्हणून सही करणे योग्य नाही. हे वाचण्यास मात्र तिला कोणतीही मनाई नाही. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी प्रत घेऊन तिच्याकडे जात आहे. परतीचे तिकीट काढलेले नाही. वाचून झाल्यावर मला घरात घ्यावे की स्टेशनवर सोडावे, हा निर्णय सर्वस्वी तिचा राहील आणि त्यावर माझी हरकत असणार नाही.

वरील मजकूर माझ्या हाताने लिहिला, दोनदा वाचला, एकही शब्द सौम्य केला नाही.

सही: श्रीकांत दामोदर खांबेटे

आम्हां दोघांदेखत वरील सही झाली. मजकूर आम्ही वाचलेला नाही:
अजय केळुसकर, शेजारी
सुचेता केळुसकर, शेजारी

रीडिंग, मंगळवार, ११ मार्च २०२५