एका जिन्याची वहिवाट

मी, सुचिता पुंजाजी बोचरे, वय सेहेचाळीस, राहणार खामगाव, शस्त्रक्रियेला जाण्याआधी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. दबाव माझ्या धाकट्या भावाने, गोकुळने, आणून पाहिला. तो लागू पडला नाही.

१. वडिलांनी माझ्या नावे केलेले घर गोकुळची मुलगी करिष्मा हिला मिळावे. अट एकच: जिना पाडू नये, अडवू नये. घर विकले तरी ही अट घराबरोबर जावी.

वडिलांनी आणि शेजारच्या फकीर मोहम्मदचाचांनी घरे बरोबरच बांधली आणि दोघांत एकच जिना घातला. खालच्या पायऱ्या त्यांच्या अंगणात, वरच्या आमच्या हद्दीत. दोन्ही गच्च्यांना दुसरी वाट नाही. चाचांची सून गुलनार वर रजयांचा कापूस उन्हात घालते. त्यावर तिचे घर चालते. गोकुळ म्हणतो, "आपल्या पायऱ्या तोडू, आपला वेगळा लोखंडी जिना लावू. लोक हसून राह्यले, ताई." कोण हसते, ते त्याने सांगितले नाही.

२. माझ्या रोजनिश्या न वाचता बंबात घालाव्यात. गुलनारला मराठी चांगले वाचता येते, म्हणून हे काम तिला देऊ नये.

३. हल्ली डोळे मिटले की मी तो जिना चढत असते. पायऱ्या मऊ लागतात. वर नुसता कापूस, वाऱ्याने हलके हलके उसवणारा. कोणाची गच्ची कुठे संपते ते दिसत नाही, आणि मी शोधतही नाही. हे सारे मी गुलनारसाठी करते की गोकुळला हरवण्यासाठी? प्रामाणिक उत्तर: थोडे दोन्ही.

४. वरच्या पायऱ्या गुलनारच्या नावे कराव्यात, असे आधी लिहिले होते. ती चिडली.
"मले नको मालकी. मंग तुम्ही वर जातानी मले इचारान काय? काऊन असं करता, ताई?"
"साक्षीलाही तूच हवीस, पण वकील म्हणतात, जिला काही मिळते तिने साक्षीदार होऊ नये."
"मंग झालं तर! मले काही देऊ नका. मी सही करतो."

ते कलम खोडले आहे. दोन्ही घरांची वहिवाट मी देत नाही; आहे ती नोंदवते.

गोकुळलाही यात काही नाही, म्हणून त्यालाही बोलावले. वाचून म्हणाला, "करतो सही. पण मले पटलं नाही, हेबी लिही."

लिहिले.

ठिकाण: खामगाव
दि. ९ मार्च २०२५
सही: सुचिता पुंजाजी बोचरे

आमच्यासमोर सही झाली:
१. गुलनार कामरान, शेजारीण
२. गोकुळ पुंजाजी बोचरे, भाऊ (न पटता)