पाच हात वरतं

बाबा,

सगळ्यात आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. यंदाच्या हिवाळ्यात मी पुन्हा कोकणात त्या किनाऱ्यावर गेलो, जिथे तीस वर्षांपूर्वी तुम्हाला नेलं होतं. आता कड्यावरून खाली उतरायला पक्क्या पायऱ्या झाल्या आहेत, सूर्यास्त कुठून पाहायचा ते सांगणारी बाणाची पाटी आहे, आणि खाली वाळूत सिमेंटची दोन बाकं आहेत. दोन्ही बाकं समुद्राकडे पाठ करून बसवलेली. गडचिरोलीहून नागपूर, तिथून दोन गाड्या बदलून माणूस समुद्र पाहायला येतो, आणि त्याला बसवतात कुठे, तर काळ्या-तांबड्या दगडासमोर. वाळूत मांडी घालावी तर माझे गुडघे ऐकत नाहीत. मान वळवून पाहावं तर मानेत उसण भरते. बाकी लोक पाण्यात पाय सोडून तळहातावर सूर्य धरल्याचे फोटो काढत होते. मी बाकावर बसून या विषयावर एक अख्खा लेख मनात लिहून काढला. ठेकेदार, अभियंता, उद्घाटनाचा नारळ, सगळे आले त्यात. माझं पोट अजून असल्याच लिखाणावर चालतं, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या पहिल्या गाजलेल्या लेखात कोण होतं, तेही नको.

तुम्ही रस्त्याच्या गँगवर होता. आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता दर पावसाळ्यात वाहून जायचा आणि दर उन्हाळ्यात तुम्ही पंधरा-वीस माणसं तो पुन्हा घालायचे. त्यात तुमचं काम वेगळं होतं. गँग कुठेही थांबली की पाणी पाहायचं ते तुम्ही. शाळेला सुट्टी लागली की मी डबा घेऊन यायचो, तेव्हाचं मला दिसतं: बाकीचे झाडाखाली आडवे झालेले आहेत आणि तुम्ही कोरड्या नाल्याच्या वाळूत हळूहळू चालता आहात. खाली पाहता, मग काठाच्या झाडाकडे पाहता, एका जागी बसता, वाळूवर पालथा हात ठेवता. "इथी हाये," म्हणता. मग खोदणं. हातभर खोल गेलं की वाळूतून पाणी पाझरायला लागतं. पहिलं गढूळ, ते करवंटीनं उपसून टाकायचं. पुन्हा भरलं की तेही टाकायचं. तिसऱ्यांदा भरलेलं प्यायचं, गार, गोड. आणि निघताना तो झिरा, म्हणजे वाळूतला खड्डा, पुन्हा एकदा उपसून निघायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला शिळं पाणी मिळत नाही. मी एकदा तसाच पळालो तर तुम्ही अर्ध्या मैलावरून मला परत पाठवलं होतं. "आपलं झालं म्हून जाऊन राह्यला का? मांगून येनाऱ्याचं काय?"

मला कोकणात पहिली नोकरी लागली, त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही आठ दिवसांसाठी आले. धुतलेलं धोतर, पिशवीत आंबाडीची वाळलेली भाजी आणि मोहाचे लाडू. रविवारी मी तुम्हाला समुद्र दाखवायला नेलं. सोबत ऑफिसातले दोघं होते. माझ्या बोलण्यातलं 'काऊन' अन् 'कुठी' ऐकून हसणारे, आणि म्हणून मी वर्षभरात बोलणं पार धुऊन काढलं होतं. तुम्ही कड्यावर उभे राहून समुद्र पाहिला. बराच वेळ पाहिला. कसा वाटला, असं त्यातल्या एकानं विचारलं. "मोठा हाये," तुम्ही म्हणाले, आणि खाली उतरायला लागले. तेव्हा पायऱ्या नव्हत्या. धोतर खोचून तुम्ही त्या दगडांवरून आमच्याआधी उतरले. खाली सूर्य पाण्याला टेकत होता. आम्ही तिघं तिकडे तोंड करून उभे, आणि तुम्ही सूर्याकडे पाठ करून वाळू पाहता आहात.

"बाबा, इकडे बघा ना. यासाठी लोक लांबून येतात."

"पायलं. आता अंधार होईन. पान्याचं पाहा लागन का नाई?"

गँगची सवय. दिवस बुडायच्या आत पाणी. आमच्यापैकी कोणीही पाण्याची बाटली आणली नव्हती, आणि उन्हात चालून घसा माझाही कोरडा पडला होता. तुम्ही एक करवंटी शोधली, बसले आणि खोदायला लागले. ऑफिसातल्या एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. पाणी लागलं. ते खारट होतं. तुम्ही उठून कड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ओल तिकून येऊन राह्यली, बाबू. पाच हात वरतं खंदू दे." मी तुमचा दंड धरला. चला, म्हणालो. तुम्ही म्हणाले, "काऊन लाजून राह्यला?" मी तुम्हाला ओढतच वर नेलं. चढताना तुम्ही दोनदा वळून त्या खड्ड्याकडे पाहिलं. तुमचा दम लागला असेल असं मला वाटलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. मी 'समुद्रकाठी झिरा' लिहिला. त्यात जंगलातला एक बाप समुद्रावर येतो, वाळूत झिरा खोदतो, ओंजळभर पाणी तोंडात घेतो, फवाऱ्यासारखं थुंकतो आणि म्हणतो, "इथल्या सरकारनं पान्यात मीठ काऊन टाकलं?" या वाक्यावर जो हशा यायचा, बाबा, तसा मला पुन्हा कशावर मिळाला नाही. लेख छापून आला, मग लोक मला तो सांगायला बोलवायला लागले. गडचिरोलीच्या सभागृहात तुम्ही पहिल्या रांगेत होता. मीच बसवलं होतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणजे लेखात काय आहे ते तुम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही हसले. सगळे हसल्यावर, आजूबाजूला पाहून.

परतीच्या एसटीत पोटेगावपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता. मग एवढंच म्हणाले, "पाच हात वरतं खंदाले पायजे होतं, बाबू."

मी किती हुशार, पाहा. तुम्हाला विनोद कळलाच नाही, असं मला वाटलं, आणि हे वाक्यही मी पुढच्या कार्यक्रमापासून शेवटी जोडलं. त्यावर टाळ्या यायच्या.

तुमच्या दहाव्याला तुमच्या गँगमधले एक भाऊ माझ्याजवळ येऊन बसले. तंबाखू मळत म्हणाले, "तुमी थे लिवलं ना, तवापासून पोरं बुढ्याले चिडवत. पयले मीठ पाय, मंग पाज, म्हनत. मंग त्यानं पान्याले हातच नाई लावला. म्हने, तुमीच पाहा कुठी हाये तं." मी विचारलं, हे मला कोणी काऊन नाही सांगितलं. ते म्हणाले, "तुमी थेबी लिवलं असतं." आयुष्यात माझ्यावर झालेली ही सगळ्यात नेमकी टीका. वर्तमानपत्रात आली नाही, म्हणून कात्रण नाही.

तर त्या बाकावर मी कड्याकडे तोंड करून बसलो होतो, ठेकेदाराला झोडपत. माझ्या पाठीमागे सूर्य बुडायला आला होता. एक बाई खडकांवरून आली, डोक्यावर टोपलीत शिंपल्यांतली कालवं, कमरेला कोयता. ती कड्याच्या पायथ्याशी जाऊन बसली, वाळूतल्या खड्ड्यावरचा पत्रा बाजूला केला, करवंटीनं पाणी काढून बाहेर फेकलं. थांबली. पुन्हा फेकलं. पुन्हा थांबली. मग प्यायली. मी उठून गेलो. कसा गेलो ते गुडघ्यांना विचारा.

"हे पाणी गोड आहे?"

"गोडाच आसा. मगे काय खारा पितलंय? पियाचा आसा तुमका?"

प्यालो. बाबा, ते आपल्या नाल्यातल्या पाण्यासारखंच होतं, किंचित दगडाच्या वासाचं. तिच्या सासूच्या सासूपासून कालवं काढणाऱ्या बाया इथलंच पितात, असं ती म्हणाली. कड्यातून येतं, उन्हाळ्यातही आटत नाही. मी मागे वळून पाहिलं. तुमचा खड्डा नेमका कुठे होता ते सांगता येणार नाही, पण तो तिरपा खडक तिथेच आहे, त्याच्या सावलीत आपण होतो. मी पावलं मोजली नाहीत. मोजायला मला भीती वाटली. पाच हात नसतील, दहा असतील. तुम्ही नवख्या मुलखात एका संध्याकाळी दहा हातांवर आले होते आणि मी तुमचा दंड धरला होता.

"खंयसून इल्यात?" तिनं विचारलं. कुठून आलो ते मी सांगितलं. आणि मग, का कोण जाणे, तुमची ती गोष्ट सांगितली. पण जशी घडली तशी, पहिल्यांदाच. त्या दिवशी तुम्ही पाणी प्यालाच नव्हता. तुम्ही एक बोट बुडवून जिभेला लावलं आणि 'नाई' म्हणून मान हलवत होता. तोवर मी ओंजळ भरून तोंडात घेतली होती. दोनदा उपसायचीही वाट पाहिली नाही, एवढा माझा तुमच्यावर भरवसा. तुम्ही काढलेलं पाणी खारट कसं असेल? फवाऱ्यासारखा थुंकलो तो मी. "यात मीठ कोनं टाकलं?" हे बोललो तेही मीच, पोटातून, आपल्या बोलीत. ऑफिसातले दोघं पोट धरून हसले ते मला. तो हशा मी सहा महिन्यांनी लेखात तुमच्या अंगावर टाकला, आणि तीस वर्षं तो तिथेच राहिला.

बाई कोयता पुसत ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे थुकल्यात तुमी, आनि नाव बापाशीचा घातल्यात?"

"हो."

ती हसली. चांगली खळखळून, मला. मग टोपली उचलली आणि जाता जाता म्हणाली, "उपसून जावा हां. मागसून आणि बायो येतत."

मी उपसलं. वेळ लागला. भरू दिलं आणि आणखी एकदा उपसलं. तेव्हाचा आपला खड्डा मी तुम्हाला तसाच टाकायला लावला होता. वळून वळून तुम्ही काय पाहत होता, ते मला आता समजलं. पत्रा झाकून उठलो तेव्हा सूर्य गेला होता. लोक पायऱ्या चढत होते, कोणाचा फोटो चांगला आला ते पाहत.

घरी तुमच्या सूनबाईनं विचारलं, सनसेट कसा होता? छान होता, म्हणालो.

पुढच्या आठवड्यात चंद्रपूरला कार्यक्रम आहे. आयोजकांनी 'झिरा' सांगाच म्हणून आग्रह धरला आहे. काल दुपारी जुनी प्रत काढली. जिथे जिथे बाप पाणी पितो, थुंकतो, बोलतो, तिथे खोडून 'मी' लिहिलं. शेवटचं वाक्य तुमचंच ठेवलं, पण त्याच्याआधी ती बाई आणि ते पाणी आणलं. हे पत्रही त्याच प्रतीत घडी घालून ठेवतो आहे. तुम्हाला आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो, मग हे टपालात टाकायचं तरी कोणाच्या भरवशावर.

नव्या प्रतीला हशा कमी येईल. आणि खरं सांगू का बाबा, त्याचं मले अजूनही थोडं वाईट वाटून राह्यलं.