डब्यातली लवंग

अण्णा, आज ऑफिसात नव्या पोरांना शिकवताना तुमच्या लवंगेचा विषय निघाला. दोन कॉम्प्युटरांनी एकमेकांशी कसं बोलायचं, निरोप मिळाल्याची पोच कशी द्यायची, याचे नियम ठरवणं हे माझं काम. प्रोटोकॉल म्हणतात त्याला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बोलायला कसले आलेत नियम?" आणि मी म्हणाले असते, हे तुम्ही बोलताय?

चिंचवडच्या आपल्या दोन खोल्या आठवतात. तुम्ही पहिल्या पाळीला पिंपरीला जायचात. आई मागून स्वयंपाक करायची आणि सायकलवाला साऱ्या आळीचे डबे कंपनीच्या गेटवर पोचवायचा. डबे सगळे सारखेच. एकदा आपली मेथीची भाजी भलत्यानंच खाल्ली आणि तुम्ही उपाशी राहिलात. तेव्हापासून जेवण झालं की रिकाम्या डब्यात तुम्ही एक लवंग टाकायला लागलात. बिडी सोडल्यापासून लवंगा खिशात असायच्याच. आई म्हणाली, चार ओळींची चिठ्ठी लिहीत जा की. तर तुम्ही म्हणालात, "जेवलो, एवढंच सांगायचंय ना? मग लवंग पुरे." आजही एवढ्याशा निरोपाला कुणी भलंमोठं शेपूट जोडलं की मी तुमच्यासारखीच वैतागते.

मग तो दिवस. मी शाळेतून आलेय, आई ओट्यापाशी उभी आहे, पुढ्यात डबा उघडा. आत लवंग नाही, चिमूटभर साखर आहे. मी खुशीत बोट बुडवणार, तर आईनं माझा हात धरला. "ह्यांनी टाकलेली न्हाई ही. चल."

गेटवर वॉचमन ऐकेना. "मावशी, डबा आला ना परत? मग झालं की."

"डबा आलाय. माणूस कुठं हाय ते सांगा."

आईचा आवाज इतका चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. तुम्ही गेलात असंच मला वाटलं होतं, अण्णा. शेवटी तुमच्या खात्यातले काका धावत आले. "वहिनी, घाबरू नका. मशीनमध्ये हात सापडला, दोन बोटांना टाके पडलेत. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून आमीच डबा धुऊन पाठवला." तुम्ही रोज डब्यात काहीतरी टाकता हे त्यांनी पाहिलं होतं. भांडं रिकामं परत करू नये म्हणून टाकत असाल, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी बिचाऱ्यांनी साखर टाकली. कंपनीच्या दवाखान्यात तुम्ही पट्टी बांधलेला हात वर करून हसत होतात. "साखर टाकलीस होय रे? आता ही मला सोडते काय!" आई मात्र तिथंच खाली बसून रडली.

लवंग साऱ्या खात्याला कळली, म्हणून तुम्ही दोघांनी खूण बदलली. नवी कुठली, ते आम्हा पोरांना कधीच सांगितलं नाही. मी किती मागे लागले! आई म्हणायची, "ते आमचं हाय." कॉम्प्युटरच्या निरोपांना परक्याला उघडता येऊ नये अशी कुलपं करण्यात माझी सारी नोकरी गेली, पण तुमच्याइतकं पक्कं मला अजून जमलेलं नाही.

तुमच्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलात डबा मीच न्यायचे. शेवटच्या दिवशी तुम्हाला घासही गेला नाही. तुम्हीच म्हणालात म्हणून मी जेवण शेजारच्या पेशंटला दिलं. रिकामा डबा मात्र तुम्ही मागून घेतलात आणि मी निघेपर्यंत उशाशी ठेवलात. घरी आईनं तो उघडला, थोडा वेळ आत बघितलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "जेवलेत." त्या रात्री ती शांत झोपली. सकाळी तुम्ही नव्हतात.

तुम्ही खोटी खूण ठेवलीत, की डब्यात काहीच नव्हतं आणि आईच माझ्यासाठी खोटं बोलली, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता तीही नाही. हे पत्र कुठं टाकायचं ते ठाऊक नाही, म्हणून घडी घालून ठेवून देते. एक मात्र कबूल करते, अण्णा. तपासल्याशिवाय कुठलाच निरोप मी पुढे जाऊ देत नाही. त्या डब्यातला तेवढा एक जाऊ दिला.