घरच्यांच्या नावाची पाणपोई

१४ फेब्रुवारी १९५८
बायकोची तेरवी आटोपली. पाहुणे गेले. घर शांत आहे आणि मला शांतता आवडते. रेल्वेच्या मालधक्क्यावर जन्मभर कारकुनी केली, कधी आवाज चढवला नाही. हेही निभेल. रोज चार ओळी लिहायच्या. रडगाणं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार
सेवा क्लबचा मेंबर झालो. मीटिंग टेकचंद शेठच्या राइस मिलच्या माडीवर भरते. शेठ प्रेसिडेंट. मेंबर वारला तर एक मिनिट मौन, असा नियम आहे. बायकांना मेंबर करत नाहीत, म्हणून घरच्यांसाठी मौन नियमात बसेना. तरी शेठने माझ्याकडे बघून अर्धं मिनिट दिलं. मन भरून आलं. संस्था अशी हवी.
क्लबात सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. शेठ म्हणाले, खेमराज, चाय लो. मी दचकलो. घरी माझं नाव कोणी घेतलं नाही. ती ‘अवो’ म्हणायची, मी ‘अवं’. आमच्यात तशीच रीत. चारचौघांत बायकोला ‘घरचे’ म्हणायचं.

१२ मार्च
ऊन चढलं. शेजारच्या मंदाबाई दारात येऊन म्हणाल्या, भाऊजी, रांजण काऊन कोरडा ठेवून राहिले? मुर्रीची मानसं वाकून पाहून जाऊन राहिली.
घरचे दर उन्हाळ्यात मुर्री गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कडुनिंबाखाली वाटसरूंसाठी रांजण भरून ठेवत. काठ फुटला तेव्हा चुना-गुळाचं ठिगळ लावलं, पण नवा घेऊ दिला नाही.
मी समजावलं की एकट्याने रांजण भरणं हे जुनं झालं, आता संघटित सेवेचा काळ आहे. क्लबातर्फे सिमेंटची पाणपोई बांधायला लावीन.
त्या म्हणाल्या, तवरिक लोकायनं काय थुका गिळावा?
बाईमाणूस. सोडून दिलं.

२ एप्रिल
क्लबात माझं भाषण झालं. विषय: सेवा क्लबांचा इतिहास आणि उद्देश. शेठने एक इंग्रजी पुस्तिका दिली होती. अमेरिकेत एका वकिलाला मोठ्या शहरात फार एकटं वाटायचं, म्हणून त्याने तीन ओळखीचे जमवले. आज याच्या कचेरीत, उद्या त्याच्या. सेवा नंतर सुचली. पहिलं मोठं काम म्हणजे सार्वजनिक मुतारी.
एकटेपणाचा भाग मी वगळला. एकटं वाटणं हे काही संस्था काढायचं कारण नव्हे. मुतारीही वगळली. राहिला तो उद्देश. भाषण लवकर संपलं. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि दोघे जागे झाले.

९ एप्रिल
पाणपोई मंजूर. मुर्री रोडवर होणार. सेक्रेटरी सेवकराम यांनी विचारलं, कोणाच्या नावानं? सगळे माझ्याकडे बघू लागले. भर सभेत नाव घ्यायची मला सवय नाही. मी म्हणालो, घरच्यांच्या नावाने. त्यांनी मान डोलावली. समजदार माणूस आहे.

२३ एप्रिल
मंदाबाईंनी रांजण मागितला. तुमी तं भरत नाही, मले द्या, म्हणाल्या. देऊन टाकला. अडगळ गेली. कडुनिंबाखाली एक गोल डाग उरला आहे. झाडून जात नाही.

१४ मे
पाणपोई तयार. उद्घाटनाला तहसीलदार साहेबांची तारीख मिळत नाही. तोवर तोटीला कुलूप. शेठ म्हणाले, काम कायद्याने व्हायला हवं. बरोबर आहे. ऊन फार आहे, पण ऊन दरवर्षीच असतं.

४ जून
उद्घाटन झालं. साहेब एक पेला प्याले. फोटो निघाला. पडदा सरकला. फळ्यावर: ‘कटरे परिवार प्याऊ’.
सेवकरामांना बाजूला घेतलं. ते म्हणाले, तुमीच तं सांगतलं, घरच्यांच्या नावानं. तुमच्या घराचं नाव कटरे. मग?
पुढच्या बुधवारी दुरुस्ती मांडीन. ठाम.

९ जून
दुपारी फळ्याचं माप घ्यायला गेलो. टाकी कोरडी. रोज पाणी कोणी भरायचं हे मीटिंगमध्ये ठरलेलंच नाही. तोही विषय बुधवारी काढीन.
परत येताना घशाला कोरड पडली. रेल्वे फाटकाजवळ बांबूच्या तट्ट्याच्या सावलीत एक म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत बसली होती. मी ओंजळ धरली. पाणी थंड होतं. विचारलं, बाई, ही पाणपोई कोणाची?
म्हणाली, अनुसयाबाईची. पी बाबा पोटभर.
म्हटलं, असेल मुर्रीकडची कोणी. पुन्हा ओंजळ धरली.
म्हातारी म्हणाली, रोज सकारी मंदाबाई भरून जाते, पन म्हनते पानी अनुसयाबाईचं. लोकं बी तसंच म्हनते. तू ओरखत होतास का तिले?
तेव्हा रांजणाच्या काठावरचं चुन्याचं ठिगळ दिसलं.
घाईत आहे असं सांगून निघालो.

११ जून, बुधवार
मीटिंगची वेळ झाली. फळ्याची दुरुस्ती मांडायची म्हणजे नाव सांगावं लागणार. ताठ उभं राहून, स्पष्ट आवाजात. म्हातारीला जमलं, फाटकावरच्या गाडीवानांना जमतं.
दार लावून आरशासमोर सराव केला.
‘अवं’ एवढंच तोंडातून आलं.
आज तब्येत बरी नाही. पुढच्या बुधवारी जाईन.