सदर नर आमच्या घरी मुक्कामी होता

मु. खैरटोला
दि. २२ एप्रिल

तीर्थस्वरूप शकुबाईले लहान भाऊ गुणवंताचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात खरे जोडले आहेत. ते फोनातले पिवळे हात नाई, जे मी तुले रोज सकाळी सहा वाजता पाठवत होतो न तू कधी उघडून पाहिले नाई.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझी शुगर? अहेरीचं ऊन म्हणे चव्वेचाळीसवर गेलं. हे मले नऊ जणांकडून कळलं. त्यातल्या दोघांनी सत्तेचाळीस सांगतलं, न एकानं तर गारपीट सांगतली, तवा खरं काय ते तूच कळव. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. मंजुषा तुझी आठवण काढते, म्हणजे "बाईंनी केलं ते बरोबरच केलं" असं दिवसातून दोनदा म्हणते.

पत्र पाहून दचकू नको, कोणी गेलं नाई. तीन आठवडे झाले, तू माझा फोन उचलत नाई, म्हणून कागद घेतला. शेवटी बोलली तवा तू म्हटलं होतं, "पुनमले मांडवात आणायले मी अतुलले सांगीन. तू आपले ग्रुप सांभाळ." बाई, बाकी काही बोलली असती तर चाललं असतं. सख्खा मामा जिता-जागता असताना पोरीच्या मागं चुलतमामा उभा राहणार? तोही नागपूरचा अतुल, ज्यानं पुनमले शेवटचं पाहिलं तवा तिचे दुधाचे दात पडून राह्यले होते? हा शब्द मले लागला. लागायलेच पायजे होता, पण लागला. म्हणून जे झालं ते पयल्यापासून लिहितो, न मंग तू ठरव.

तुले माहीतच आहे, एकतीस वर्षं मी पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा, मधल्या मधे त्याचं काय झालं हे विचारायचं नाई. रिटायर झालो तवा ऑफिसवाल्यांनी शाल, नारळ न हा मोठा फोन दिला. पयल्या महिन्यात व्हॉट्सॲप आलं, दुसऱ्यात फेसबुक, मंग टेलिग्राम, मंग इन्स्टा. (इन्स्टावर मी कोणाले ओळखत नाई, पण एक बाई रोज भाकरी थापते ते पाहतो.) पाहता पाहता एकेचाळीस ग्रुप झाले. धानाचे पाच, रिटायर लोकांचे चार (एक मूळ, दोन भांडून फुटलेले, न एक त्या भांडणावर चर्चा करायले), देवाधर्माचे किती ते मोजले नाई. 'मार्कंडा यात्रा' नावाचा एक सहा वर्षांआधी एका दिवसाच्या जत्रेसाठी काढला होता, त्यात कोणाची चप्पल कोण घालून गेलं हे अजून ठरून राह्यलं आहे. दिवसाले सातशे-आठशे निरोप. माणसानं जेवावं कवा?

दुसरा कोणी असता तर फोन बंद करून वावरात गेला असता. मी रजिस्टर आणलं. दोनशे पानी, पुठ्ठ्याचं. डाव्या बाजूले आवक, उजव्या बाजूले जावक. प्रत्येक निरोपाले क्रमांक, कोणाकडून, कोणत्या ग्रुपवर, विषय न शेरा. गुड मॉर्निंगलेसुद्धा क्रमांक. (विषय: शुभ सकाळ. शेरा: माहितीस्तव.) लिंबू न गरम पाण्याचे फायदे अकरा वेळा आले, ते अकरा वेळा नोंदवले, कारण पाठवणारे वेगळे होते. सकाळच्या नोंदी संपता संपता दुपार, तोवर दुपारची आवक सुरू. मंजुषानं एक दिवस विचारलं, "एवढं लिहून तुमाले कळून काय राह्यलं?" मी म्हटलं, वाचायले वेळ कुठी आहे, अजून नोंदी बाकी आहेत. हे बोलताना मले हसू आलं नाई, यावरून माझी तब्येत समज.

आता तो दिवस. पुनमसाठी पाहिलेला लोकेश आमच्याकडे मुक्कामी होता. तूच धाडला होता, मामाचं घर पाहून ये म्हणून. पोरगा गुणी, राजुऱ्याहून येताना मंजुषासाठी आंबे घेऊन आला. सकाळी अंगणात उभा करून मी त्याचा फोटो काढला. तुझं सांगणं होतं की फोटो न माहिती 'आपली माणसं' ग्रुपवर टाक, साक्षगंधाआधी सगळ्यायले पोरगा दिसू दे. तेवढ्यात वनरक्षक दीपिकाबाईचा फोटो आला. जंगलातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला होता, नर, न तो आमच्या मोहाच्या झाडांकडे फिरून राह्यला होता. मोहफुलं वेचायचे दिवस, बाया पहाटेपासून झाडाखाली. दीपिकाबाई म्हणाली, "काका, तुमची भाषा चांगली आहे, गावाच्या ग्रुपवर तुम्हीच व्यवस्थित लिहून टाका." (झालं. माझी भाषा चांगली आहे असं कोणी म्हटलं की मी कामातून गेलो.)

मी रीतसर दोन मसुदे केले. जावक क्रमांक ४१२, लोकेश. जावक क्रमांक ४१३, वाघ. एकतीस वर्षांत ह्या हातानं एकाचा कागद दुसऱ्याच्या पाकिटात घातला नाई, तालुक्यात कोणालेही विचार. पण पाकीट हातात असते, बाई. फोनात दोन्ही फोटो नखाएवढे, लोकेशचा शर्ट पिवळा न त्यावर काळे पट्टे, माझा चश्मा रजिस्टरवर, न नेमक्या त्याच वक्ती वरून नऊ निरोप टपकले. मजकूर आपल्या जागी गेले, फोटो एकमेकाच्या जागी गेले. मी दोन्हीसमोर 'रवाना' असा शेरा मारला न आंघोळीले गेलो.

'आपली माणसं'वर काय झालं ते तुले माहीत आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. गवतात उभ्या वाघाचा फोटो, न त्याखाली माझ्या चांगल्या भाषेत: "चि. लोकेश. वय एकोणतीस. प्रकृती सुदृढ, स्वभाव शांत, मितभाषी. पूर्ण निर्व्यसनी. लवकरच आपल्या कुटुंबात प्रवेश करीत आहे, तरी सर्वांनी आशीर्वाद द्यावेत." त्रेसष्ट जणांनी आशीर्वाद दिले. चौदा जणांनी फुलं धाडली. सिरोंच्याच्या मावशीनं लिहिलं, "जोडा शोभून दिसते." एकानं "डोळे अगदी वडिलांवर गेले" असंही लिहिलं. फोटो कोणी उघडलाच नाई! म्हणजे मीच एकटा येडा नाई, हे पाहून मले थोडं बरं वाटलं, पण थोडंच. एका माणसानं तेवढा उघडून पाहिला, तो म्हणजे तू नुकताच ग्रुपात घेतलेला लोकेशचा बाप. त्यांनी फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं. मी आंघोळीहून आलो, त्या प्रश्नचिन्हाले आवक क्रमांक दिला, न शेऱ्यात 'दप्तरी दाखल' लिहिलं.

इकडे गावाच्या ग्रुपवर लोकेश अंगणात हसून राह्यला होता न खाली लिहिलं होतं: "सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की, सोबतच्या फोटोतील नर आज पहाटेपासून गावाच्या हद्दीत वावरत आहे. बायामाणसांनी एकटीनं समोर जाऊ नये. समोर आल्यास पाठ दाखवू नये, हळूहळू मागे सरकावं. सदर नरासोबत सेल्फी काढू नये." न नेमका तवाच लोकेश पानठेल्यावर खर्रा आणायले निघाला. (पोरगा तंबाखूचा खर्रा खाते हे तुले सांगायचं नव्हतं. पण आता मी काही लपवण्याच्या लायकीचा राह्यलो नाई.)

मोहफुलाच्या टोपल्या घेऊन बाया येऊन राह्यल्या होत्या. त्यायनं फोनकडे पाहिलं, लोकेशकडे पाहिलं, न पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकल्या. लोकेश संस्कारी, त्यानं हात जोडले न दोन पावलं पुढं गेला. बाया चार पावलं मागे. पानठेलावाल्यानं खर्रा अर्ध्या फळीतून काठीच्या टोकानं सरकवला. बुधरीबाईजवळ फोन नाई, म्हणून गावात तेवढी एकच शहाणी उरली होती. लोकेश घरी परतला तशी ती, न तिच्या मागं सारं गाव, सरळ माझ्या अंगणात आली न म्हणाली, "भाऊ, गावाले लिहून राह्यला जवळ जाऊ नका, न स्वतः त्याले घरात बसवून पोहे चारून राह्यला?" तेवढ्यात दीपिकाबाई मोटारसायकलवर धावत आली. "नर कुठी आहे?" तिनं विचारलं. साऱ्या गावानं लोकेशकडे बोट दाखवलं.

इथपर्यंत मीही हसतो, बाई. पुढचं सांगतो तवा हसू येत नाई. त्या साऱ्या सकाळी खऱ्या वाघाचं गावात कोणालेच कळलं नव्हतं. दुपारी दीपिकाबाईनं स्वतः फोटो टाकला तवा कळलं, न तोवर सहा-सात बाया त्याच झाडांखालून दोन खेपा करून आल्या होत्या. कोणाले काही झालं नाई. झालं असतं तर मी कोणता शेरा मारला असता? त्याच सकाळी तुझे चौदा कॉल आले, पण आवक जास्त होती म्हणून मी फोनचा आवाज बंद केला होता. माणूस सगळ्यायचं ऐकायले बसला की आपल्या बहिणीचंच ऐकायचं राहून जाते.

लोकेशच्या बापानं मन मोठं केलं, साक्षगंध झालं, लग्न ठरलं, हे मले इकडून तिकडून कळलं. मी रजिस्टर चुलीत घातलं. अडतीस ग्रुप सोडले. सोडणं सोपं वाटते तुले? प्रत्येक ग्रुपवर "गुणवंतराव बाहेर पडले" अशी जाहिरात होते, मंग जो तो फोन करून विचारते, काय झालं, कोण बोललं? शेवटी रिटायर लोकांनी 'गुणवंतरावांची नाराजी' नावाचा नवा ग्रुप काढला न मलेच त्यात घेतलं. तिथी रोज माझी समजूत काढणं सुरू आहे. मी फक्त वाचतो.

बाई, मले मान नाई पायजे. फेटा नाई बांधला, आहेर नाई केला, जेवणाच्या पंगतीत शेवटी बसवलं तरी चालेल. पुनम लिहायले शिकली तवा तिनं मले एक कार्ड धाडलं होतं. 'मामा कवा येते' एवढंच, न खाली बैलाचं चित्र. ते मी कुठी नोंदवलं नव्हतं, पण कुठी आहे ते मले बरोबर माहीत आहे. हजार निरोप येऊन गेले, त्यातला एक आठवत नाई. त्या पोरीले मांडवात मीच आणणार. अतुलले सांग, तू जेवायले ये.

भाऊजींले नमस्कार. पुनमले आशीर्वाद, खरे, तोंडानं दिलेले.

तुझा चुकलेला भाऊ,
गुणवंत

ता. क. : अडतीस ग्रुप सोडले असं वर लिहिलं, त्यात वाघाचा, म्हणजे गावाचा, ग्रुप नाई. तो राहू दिला आहे. आता फोटो दीपिकाबाई टाकते न मी फक्त बुधरीबाईच्या घरी जाऊन तोंडी सांगतो. भाकरीवाली बाईही राहू दिली आहे.

आणखी ता. क. : मुख्य गोष्ट विचारायची राहूनच गेली. खरं म्हणजे त्यासाठीच पत्र लिहायले बसलो, पण लाज वाटून राह्यली होती. पुनमच्या लग्नाची तारीख काय आहे? 'आपली माणसं' अजून सोडला नाई, तिथी सगळे कोणत्या साडीवर कोणता ब्लाउज याच्यावर बोलून राह्यले आहेत. कोणी तारीख विचारली की उत्तर येते, "वर टाकली आहे, वर पाहा." मी दोन दिवस वर वर जात राह्यलो, तीन वर्षांआधीच्या हळदीकुंकवापर्यंत पोहोचलो, तारीख सापडली नाई. तिथी विचारलं तर सारं गोत म्हणेल, मामालेच माहीत नाई. तू पत्रानं कळव. न मले बोलवायचं नसंल तरी तारीख कळव, त्या दिवशी मी घरी उपास करीन.

बाई, मंजुषाचा नमस्कार. यांनी पाकीट चिकटवायले माझ्याजवळ दिलं म्हणून खाली दोन ओळी लिहून राह्यली. तुम्ही बसच्या कंडक्टरजवळ पाठवलेली पत्रिका मले बारा दिवसांआधीच मिळाली. हळदीकुंकू लागलेली, पाकिटावर तुमच्या हातानं यांचं नाव. आत मामा म्हणून यांचंच नाव छापलेलं आहे, तेही मी वाचलं. मी ती मुद्दाम यांचा फोन ठेवतात तिथीच ठेवली, म्हटलं, त्या जागेवर यांचा हात दिवसातून शंभरदा जाते. बारा दिवस त्याच पाकिटावरून फोन उचलला न त्याच पाकिटावर ठेवला. ह्या पत्राचा कच्चा मसुदाही यांनी त्याच पाकिटाच्या मागच्या बाजूले केला आहे. लग्नाले अजून वेळ आहे, मी सांगीनच. पण पत्र लिहायले बसले तवापासून हे चार-चारदा मले हाक मारून विचारतात, हे असं लिहू का, पुनमचा बैल कोणत्या रंगाचा होता, तुले आठवते का. तीन दिवस झाले, माझ्यासंग बोलून राह्यले. उत्तर जरा उशिरानंच पाठवा.