भिंतीवरचा सोननाक

१२ मार्च १९८६, धुळे
ऑफिसचं काम अर्ध्या तासात उरकलं. मग नेहमीसारखा जुन्या बाजारात. तुटक्या आरशांच्या ढिगाखाली एका शिपायाचा फोटो मिळाला. खुर्चीवर बसलेला, गुडघ्यावर हात, डोक्याला फेटा, छातीवर एक पदक. शंभर वर्षांपूर्वीचा तरी असेल. कागद अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला, तेव्हा वापरायचे तसला. कडा पिवळ्या, पण चेहरा लख्ख. मिशीचा केस न् केस दिसतो.
दुकानदार म्हणे, "घ्या साहेब, फ्रेम मजबूत आहे." फ्रेम!
मागे मोडीत एक ओळ.

१५ मार्च, जळगाव
रेकॉर्डरूमच्या नानांनी मोडी वाचून दिली. 'नाईक सोननाक, मौजे पारोळें.' इतकी वर्षं हे फोटो जमवतोय, नावगाव असलेला शिपाई हा पहिलाच. बाकी सगळे बेवारस.
सुमन म्हणाली, "या मेलेल्या माणसांना कपाटात जागा आहे, माझ्या साड्यांना नाही." खरं आहे.

६ एप्रिल, रविवार
पारोळ्याला जाऊन आलो. नावात 'नाक', म्हणजे महार पलटणीतला, म्हणून बौद्धवाड्यात चौकशी केली, दोघांनी एकच घर दाखवलं. यमुनाअक्का, पंचाहत्तरीच्या. मुलगा प्रल्हाद शाळेत मास्तर.
फोटो फक्त दाखवायला नेला होता. अक्कांनी पदरानं काच पुसली. मग म्हणाल्या, "हाऊ मना आजा शे."
आजा पलटणीत होता, त्याचा फोटो घरात होता, प्लेगात घर सोडलं तेव्हा गेला. हे सगळं वडिलांकडून ऐकलेलं. "पुढे आपल्या लोकांस्ले पलटणमा घेनं बंद करी टाकं," म्हणाल्या. स्वतः आजाला कधी पाहिलेलं नाही.
प्रल्हाद म्हणाला, "पाहिला नाहीस, मग ओळखलास कसा?"
"मना बापनं नाक शे."
परत मागायला तोंड उघडेना. देऊन आलो. येताना बसमध्ये हात रिकामे, सारखं काहीतरी विसरल्यासारखं.

११ मे
पुन्हा पारोळा. कॅमेरा नेला होता, नक्कल काढून घेतली. फोटो दारासमोरच्या भिंतीवर, बुद्धाच्या मूर्तीशेजारी. दार पश्चिमेला. चारनंतर ऊन सरळ तोंडावर!
समजावलं. हा कागद उजेडात टिकत नाही अक्का, उडून जाईल. नक्कल मोठी करून देतो, ती लावा, हा पेटीत ठेवा.
"माले नकल नको भाऊ. नकल तुम्ही ठेवा. इतला साल आंधारामाच व्हता तो. आते उजाया देखू द्या त्याले."
मी ऑफिसात नकाशे गिरवणारा माणूस. आणि आजा त्यांचा.

२२ फेब्रु. १९८७
फोटोत बाहीचा पट्टा उडाला. पदक आहे, पण नुसता पांढरा ठिपका. दुसऱ्या भिंतीवर लावू या म्हणालो. प्रल्हाद उठला, खिळा शोधायला लागला. अक्का फक्त "नही" म्हणाल्या. तो बसला. चहा घेतला आणि निघालो.

ऑक्टो. (तारीख लक्षात नाही)
गेलो नाही. दोन रविवार ठरवून गेलो नाही. बघवत नाही म्हणून.

१० जाने. १९८८
मिशी धुरकट. डोळे अजून आहेत.
अक्का शेजारणीला मोठ्या हौसेनं सांगत होत्या, पलटण, पदक, सगळं. शेजारीण फोटोकडे बघते, मग माझ्याकडे. मी खाली बघतो.

४ डिसें. १९८८
आज जे झालं ते लिहून काढतो, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.
अक्का फोटोला नाक लावून उभ्या. मला म्हणाल्या, "डोया गयात मना. आजा पुसट दिखस."
डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तेही खरंच. पण...
बाहेर येऊन प्रल्हाद म्हणाला, "धुळ्याला ऑपरेशन ठरलंय. दोन वर्षं नको नको म्हणत होती. आता आजा नीट दिसेल म्हणून तयार झाली."
मी विचारलं, "तुम्ही सांगितलं नाही त्यांना, फोटोच उडालाय ते?"
"तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील."
आत गेलो. "बरं झालं अक्का, ऑपरेशन करून घ्या," एवढंच बोलून बाहेर आलो.

९ डिसें.
सांगितलं तर ऑपरेशन करणार नाहीत, आंधळ्या होतील. नाही सांगितलं तर पट्टी सुटल्यावर... सुमनला विचारलं. ती म्हणाली, "आधी डोळे." बरोबर आहे. तरी झोप नाही.

१५ जाने. १९८९, धुळे
ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यात भेटलो. हिरवी पट्टी, खूष होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "घर गऊ का पहिले त्याले देखसू."
प्रल्हादनं व्हरांड्यात गाठलं. "तुमच्याकडची नक्कल द्या. आईच्या आधी घरी जाऊन फ्रेममध्ये घालतो. तिला कळणार नाही."
होय म्हणून बसलो.

१९ जाने.
नक्कल मोठी करून आणली. सुरेख आली आहे, पदकसुद्धा. टेबलावर ठेवून बघत होतो. माझ्या सगळ्या शिपायांत हाच मला हवा होता आणि आता माझ्याकडे याचीच नक्कल, तीही...

२२ जाने., रविवार
पारोळा. नक्कल पिशवीतच राहिली. प्रल्हाद दोनदा पिशवीकडे बघून गेला. मी दिली नाही. नको म्हणाल्या होत्या त्या, समोर बसून, स्पष्ट. आता डोळ्यांवर पट्टी होती म्हणून...
दुपारी शेजारणीबरोबर अक्का दवाखान्यातून आल्या. जाड चष्मा. कुणाशी न बोलता सरळ भिंतीपाशी. कोट उरलाय, थोडा फेटा, आणि चेहऱ्याच्या जागी पिवळट कागद. चष्मा काढला, पुसला, घातला. मग शेजारची बुद्धाची मूर्ती पाहिली, दाराची कडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. सगळं स्वच्छ दिसत होतं त्यांना.
"तुमले मालूम व्हतं?"
"हो अक्का."
"मंग सांगं का नही?"
प्रल्हाद म्हणाला, "आई, यांनी पहिल्यापासून..." त्यांनी हातानं त्याला थांबवलं.
स्टूल ओढून फोटोसमोर बसल्या. ऊन आत यायला लागलं होतं. दार लोटू का, विचारलं. त्या फोटोकडेच बघत राहिल्या. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही, आपणहून लोटायचाही नाही. पाच वीसची बस धरली.